काय पुसू, असं विचारलंस

पुणे
रविवार, दुपार

चि. भाचेबाई,


काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "मावशी, डिस्कव्हरीची डिस्क ९१ टक्के भरली. जुना डेटा डिलीट करू का?" मी लिहिलं, "हात लावू नकोस, उद्या सविस्तर लिहिते." तुला ते तुटक वाटलं असणार. पण झोपाळलेल्या डोळ्यांनी, 'जुना' या एका शब्दावर विसंबून काही पुसायचं नसतं, हे मी चांगलं महागात शिकलेली बाई आहे. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो हो, कळलं" म्हणतेस आणि मला ते खरं वाटतं. म्हणून हे पत्र.

दोष तुझा नाही. आधीचा मुलगा नोटीस पिरियडमध्ये तीन कॉलची केटी, म्हणजे कामाची ओळख, देऊन गेला. स्कॅन कसं लावायचं, रिपोर्ट कसा काढायचा, क्रेडेन्शियल कुठे भरायचं हे त्याने दाखवलं. स्कॅन करून आणलेलं साठतं कुठे आणि कशा रूपात, हे दाखवलं नाही. बहुधा त्यालाही कुणी दाखवलं नसेल. आमच्या धंद्यात स्कॅन लावणाऱ्याला मान आहे, कोठाराकडे कुणी बघत नाही.

तर आधी कोठार समजून घे. त्यासाठी तुझ्या आजोबांची एक गोष्ट सांगते. वादळ झालं की तलाठी म्हणून अण्णा पंचनाम्याला जायचे. एकदा मला बरोबर नेलं होतं, मी आठवीत असेन. शेतकरी म्हणत होता, "लिहा भाऊसाहेब, वादळानं आंबा पाडला." अण्णांनी लिहिलं: आंब्याचे झाड एक, आडवे पडलेले, मुळे उघडी. परतताना मी विचारलं, वादळाने पडलं असं का नाही लिहिलंत? ते म्हणाले, "पडताना मी होतो का तिथं? मी पडलेलं पाहिलं. वादळ कलेक्टर कचेरीत ठरेल."

तुझ्या त्या डिस्कव्हरी सॉफ्टवेअरच्या पोटात नेमकी हीच विभागणी आहे. ते एका आयपी पत्त्याच्या दारात जातं. लिनक्स असेल तर २२ नंबरच्या पोर्टवरून एसएसएचने आत शिरतं, विंडोज असेल तर डब्ल्यूएमआयने, स्विच किंवा राउटर असेल तर १६१ वर एसएनएमपीने विचारतं. आत गेलं की दहा-वीस कमांड चालवतं: कुठल्या प्रोसेस चालू आहेत, कुठली पॅकेजेस बसवलेली आहेत, नेटवर्क कार्डं किती, कुणाशी जोडण्या उघड्या आहेत. जे उत्तर येतं ते तसंच्या तसं, तारीख-वेळ घालून, ठेवतं. हा पंचनामा. त्यात मत नाही.

मग दुसरी पायरी. प्रोसेसच्या यादीत 'ओरा-पीमॉन' असं सुरू होणारं एक नाव दिसतं आणि सॉफ्टवेअर म्हणतं, इथे ओरॅकलचा डेटाबेस चालू आहे, आणि नावाचा उरलेला भाग म्हणजे त्या डेटाबेसची ओळख. शेजारच्या सर्व्हरवरून १५२१ या पोर्टवर जोडणी आलेली दिसते आणि ते म्हणतं, त्या सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन या डेटाबेसवर अवलंबून आहे. नीट बघ, डेटाबेस त्याने पाहिलेला नाही. एका यादीतली एक ओळ पाहिली. डेटाबेस त्याने मानला. हा सातबारा: कोण, कुठे, कुणाच्या ताब्यात. सगळं काढलेलं अनुमान.

तुमच्याकडे बीएमसी डिस्कव्हरी आहे. हे अवजार मूळ लंडनच्या टाइडवे नावाच्या कंपनीचं, २००९ मध्ये बीएमसीने ती कंपनी घेतली. टाइडवेवाल्यांनी ही विभागणी पहिल्यापासून जपली, म्हणून मला ते आवडतं. पाहिलेल्या माहितीला ते 'डायरेक्टली डिस्कव्हर्ड डेटा' म्हणतात, तुमच्या टीममध्ये नुसतं डीडीडी म्हणत असतील. प्रत्येक भेटीची एक 'डिस्कव्हरी ॲक्सेस' नावाची नोंद होते आणि त्या भेटीत मिळालेल्या याद्या तिच्या खाली लटकतात. अनुमानं वेगळी: होस्ट, सॉफ्टवेअर इन्स्टन्स, त्यावर उभी राहिलेली बिझनेस ॲप्लिकेशन्स. आणि दोघांच्या मध्ये एक धागा असतो, त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो ना? तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ उघडला की कळतं, हे नाव इथे का आलं, वारसाने की खरेदीने. तसंच हे. एखाद्या होस्टवर 'ओरॅकल' का लिहिलंय असं कुणी विचारलं की धागा धरून मागे जायचं, आणि अमुक तारखेच्या अमुक भेटीतली ती ओळ समोर ठेवायची. ज्याच्या बाबतीत हे करता येत नाही तो डिस्कव्हरी डेटा म्हणजे चावडीत बसून लिहिलेली पीक पाहणी.

हे सगळं गाठी आणि दोऱ्या अशा रूपात साठतं. होस्ट ही गाठ, सॉफ्टवेअर ही गाठ, 'यावर ते चालतं' ही दोरी. दोरीच्या दोन टोकांना भूमिका असतात, कोण धारण करतं आणि कोण चालतं, म्हणून ती कुठल्याही बाजूने धरून चालता येतं. सर्व्हिसनाऊ या दुसऱ्या अवजारात तेच नात्यांचं एक वेगळं टेबल करून, कोष्टकांमध्ये ठेवतात. तिथे स्कॅन करणाऱ्या मिड सर्व्हरने आणलेला कच्चा माल 'ईसीसी क्यू' नावाच्या टेबलात येतो, थोडे दिवस राहतो आणि जातो. टिकतं ते सीएमडीबीतलं, म्हणजे सगळ्या यंत्रणांच्या नोंदवहीतलं, अनुमान. कुठलं चांगलं यावर लोक भांडतात. मी भांडत नाही. मी एवढंच विचारते, कच्चा माल किती दिवस राहतो आणि तो गेल्यावर अनुमानाचा दाखला कुठे सापडतो?

आता तुझी डिस्क. ती सातबाऱ्याने भरलेली नाही, पंचनाम्यांनी भरलेली आहे. कागदावर मांडून बघ. तीन हजार सर्व्हर, प्रत्येकावर सरासरी दोनशे प्रोसेस धर. रोज एक स्कॅन म्हणजे रोज ६ लाख ओळी. महिन्याच्या १ कोटी ८० लाख. हे फक्त प्रोसेसचं. पॅकेजेस, नेटवर्क जोडण्या आणि फाइली वेगळ्या. आणि होस्टच्या गाठी? तीन हजार, काल होत्या तेवढ्याच. म्हणून "जुना डेटा" म्हणून कुणी होस्ट डिलीट करायला बसला तर डिस्कवर फरक पडत नाही आणि सीएमडीबीत मात्र बोंब होते.

यावर हुशार लोक म्हणतात, कालच्यासारखंच असेल तर परत कशाला लिहायचं, बदललं तेवढंच लिहा. बरोबर आहे, आणि मीही एका घरच्या अवजारात तसं केलं होतं. प्रत्येक यादीचा हॅश काढायचा, कालच्याशी जुळला तर नुसतं "तसंच आहे" म्हणून तारीख पुढे सरकवायची. पॅकेजच्या यादीला ते छान लागू पडलं, पॅकेजेस महिना-महिना हलत नाहीत. प्रोसेसच्या यादीला मात्र एकदाही जुळेना! दोन दिवस डोकं फोडलं, मग कळलं की प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, आणि सुरू झाल्याची वेळ मी हॅशमध्येच धरली होती. सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे नंबर नवे, आणि तास-मिनिटाने जन्मणाऱ्या-मरणाऱ्या प्रोसेस तर असतातच. कुठला बदल हा बदल नाही, हे आधी ठरवावं लागतं. तुझ्या अवजारात ही मेहनत तुला करायची नाही, पण रिपोर्टमध्ये "बदल" या नावाखाली काय मोजलं जातंय ते एकदा बघून ठेव.

तर पुसायचे ते जुने पंचनामे. आणि तेही अवजाराच्या स्वतःच्या मुदतीच्या सेटिंगमधून. शेलवर जाऊन फाइली उडवायच्या नाहीत, मागच्या दाराने डेटाबेसमध्ये शिरायचं नाही. कुठली गाठ कुठल्या दोरीने कुठे बांधलेली आहे हे त्यालाच माहीत आहे. मुदत कमी केलीस की ते रोज थोडं-थोडं काढत जाईल. प्रत्येक सर्व्हरचा शेवटचा यशस्वी पंचनामा मात्र राहिलाच पाहिजे. राहतो का, हे माझ्या शब्दावर मानू नकोस. टेस्टवर दोन सर्व्हर घेऊन स्वतः तपास.

आणि इथे तू एक चूक करशील, कारण मीही केली होती. पुसलं की जागा मोकळी होते असं तुला वाटेल.

एका कंपनीत (नाव नको, माणसं चांगली होती) आमच्या त्या घरच्या अवजाराखाली पोस्टग्रेस होता. डिस्क भरत आली. मी शुक्रवारी संध्याकाळी सहा महिन्यांमागच्या सगळ्या ओळींवर डिलीट चालवला. चालता चालता व्यापलेली जागा कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली, कारण पुसण्याचीही नोंद आधी लॉगमध्ये लिहिली जाते. डिलीट संपला, जागा तेवढीच. पोस्टग्रेसमध्ये पुसलेली ओळ जागच्या जागी पडून राहते. व्हॅक्यूम चालला की ती जागा नव्या ओळींना वापरायला मिळते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत मिळत नाही. परत हवी तर व्हॅक्यूम फुल. म्हणून मी व्हॅक्यूम फुल सुरू केला. तो अख्ख्या टेबलाची नवी प्रत लिहितो आणि ती लिहून होईपर्यंत टेबल कुणालाही वापरू देत नाही. नवी प्रत लिहायला जागा कुठून आणणार? डिस्क शंभर टक्के, डेटाबेस बंद. रात्री दोनला स्टोरेजवाल्या मुलाला उठवून व्हॉल्यूम वाढवून घेतलं. तो एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. पुढे आम्ही दर महिन्याचं वेगळं पार्टिशन केलं. महिना जुना झाला की ते पार्टिशनच काढून टाकायचं. ओळ-ओळ पुसत बसायचं नाही. पाच सेकंदांचं काम.

तुझ्या अवजाराचा डेटास्टोअर वेगळा आहे, पण स्वभाव तोच. मुदतीने काढलेल्या माहितीच्या जागी पोकळ्या राहतात, त्या मिटवायला कॉम्पॅक्ट करावं लागतं, आणि कॉम्पॅक्ट करायलाच मोकळी जागा लागते. म्हणून आधी व्हर्च्युअलायझेशनवाल्यांकडून डिस्क वाढवून घे. ते कुरकुरतील. "कॉम्पॅक्शन झालं की परत देते" असं म्हण, आणि देऊ नकोस.

आता जे सगळ्यात अवघड आहे त्याकडे येते. सर्व्हर म्हणजे कोण?

हसू नकोस. कालचा पंचनामा आणि आजचा पंचनामा एकाच सर्व्हरचे आहेत हे अवजाराला ठरवावं लागतं, नाहीतर रोज तीन हजार नवे सर्व्हर जन्माला येतील. ओळखायचं कशावरून? नावावरून म्हणशील, तर नाव उद्या बदलतं. आयपीवरून, तर डीएचसीपी तोच आयपी परवा दुसऱ्याला देतो. सिरियल नंबरवरून, तर मदरबोर्ड बदलला की गेला. शिवाय जोडून घेतलेल्या मशीनच्या बोर्डवर सिरियलच्या जागी सर्रास काय लिहिलेलं असतं माहीत आहे? "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." कारखान्यात कुणी भरलंच नाही. अशी पन्नास मशीन तुझ्याकडे असतील आणि नियम सिरियलवर असेल तर त्या पन्नासांचं एक मशीन होईल.

व्हर्च्युअल मशीन तर मुळातच जुळी होण्यासाठी जन्मलेली. टेम्प्लेटमधून क्लोन काढताना लिनक्सची मशीन-आयडीची फाइल कुणी रिकामी केली नाही की सगळ्या क्लोनची तीच आयडी. मशीनचं फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं की व्हीएमवेअर विचारतं, हलवलं की कॉपी केलं. घाईत कुणी कॉपी करून "हलवलं" म्हणालं की यूयूआयडी तीच राहते, आणि दोन जिवंत मशीन एकाच ओळखपत्रावर फिरतात. मग डॉकर. डॉकर बसवला की मशीनच्या आत एक ब्रिज तयार होतो आणि काही बदललं नाही तर त्याचा आयपी १७२.१७.०.१. तुझ्या सर्व्हरवर, शेजारच्या सर्व्हरवर, जगातल्या यच्चयावत डॉकर होस्टवर तोच.

यात मी कशी पडले ते ऐक. आमच्या घरच्या अवजारात नियम होता की सर्व्हरचा कुठलाही एक आयपी जुन्या नोंदीशी जुळला की तो तोच. वर्षानुवर्षं छान चाललं. मग एका टीमने डॉकर आणला आणि एका सकाळी त्यांचे सगळे सर्व्हर गायब, एकच उरलेला. त्या एकट्याचं नाव दर स्कॅनला बदलायचं, मेमरी कधी १६ जीबी कधी १२८, आणि त्याच्यावर मावणार नाही एवढं सॉफ्टवेअर. मी काय केलं? ती नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी परत हजर. पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी कळलं की नोंद चुकीची नाहीये, ओळखायचा नियम चुकीचा आहे, आणि नियम तसाच ठेवून पुसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पण वाचले एका गोष्टीमुळे: पंचनामे शाबूत होते. नियमात डॉकरचा पत्ता वगळला, जुने पंचनामे परत त्या चाळणीतून काढले, आणि सगळे सर्व्हर आपापल्या इतिहासासकट सुटे झाले. फक्त अनुमान साठवलं असतं तर तो इतिहास कायमचा गेला असता.

म्हणून ओळख एका पुराव्यावर ठेवू नये. सिरियल, यूयूआयडी, मॅक पत्ते, नाव, सगळ्यांना वजन द्यावं आणि निरुपयोगी किमतींची एक काळी यादी बाळगावी. व्हीआरआरपीचे तरंगते मॅक पत्ते, जे आज या राउटरवर तर उद्या त्या, तेही त्या यादीत. सर्व्हिसनाऊमध्ये या कामाला वेगळं इंजिनच आहे. त्यात ओळखीचे नियम अग्रक्रमाने लावतात, आणि दुसरा भाग असा की कुठल्या रकान्यावर कुणाचा अधिकार. मेमरी किती हे स्कॅनने सांगावं, मशीनचा मालक विभाग कोणता हे मालमत्तेच्या रजिस्टरने. ही वाटणी लिहून ठेवली नाही की रात्री स्कॅन लिहितं आणि सकाळी रजिस्टरचा इम्पोर्ट त्याच्यावर बोळा फिरवतो. तुमच्याकडे ही वाटणी कुठे लिहिलेली आहे? सापडली नाही तर तूच लिही. एका पानाचं काम आहे, आणि त्या पानावर सह्या मिळवायला तीन महिने लागतात.

मयतांचंही असंच. सातबाऱ्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव असतं तसे तुझ्या सीएमडीबीत कधीच बंद होऊन भंगारात गेलेले सर्व्हर असतील, आणि त्यांच्या लायसन्सचे पैसे तुमची बँक अजून भरत असेल. ते काढायला हवेत. पण दिसला नाही म्हणजे मेला, असं नसतं. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड संपला असेल. मशीन महिन्यातून एकदाच, क्लोजिंगला, चालू करत असतील. मधली वाट बंद झाली असेल. तुझ्या अवजारात होस्ट कालबाह्य ठरवायला दोन अटी एकदम लागतात: इतके दिवस उलटले पाहिजेत आणि इतक्या वेळा जाऊन हात हलवत परतलं पाहिजे. ही दुहेरी अट कुणीतरी हात पोळल्यावर घातली असणार. ती सैल करू नकोस. आणि फसलेल्या भेटींच्या नोंदी "निरुपयोगी" म्हणून कुणी पुसायला सांगितल्या तर नाही म्हण. दारावर कुणी नव्हतं, की दार उघडलं पण आत घेतलं नाही, हा फरक फक्त त्या नोंदींत असतो.

अण्णा नाव खोडत नसत, नावाला कंस करत. कंसातला माणूस सातबाऱ्यावर आता हक्कदार नाही, पण कधीकाळी होता हे वाचता येतं. आमच्या एका जागी शनिवारी फायरवॉल बदलला आणि एक पूर्ण सेगमेंट स्कॅनरला दिसेनासा झाला. आमच्या अवजाराला एकच अट होती, चौदा दिवस. पंधराव्या दिवशी तिथले सगळे सर्व्हर डिलीट झाले, सीएमडीबीतून गेले, आणि त्यांच्यावर उघडी असलेली टिकेटं अनाथ झाली. फायरवॉलचा नियम परत लावल्यावर सर्व्हर परत आले, पण नव्या ओळखीने, जणू कालच जन्मले. जुन्या टिकेटांशी नातं नाही, इतिहास नाही. कंस केला असता तर तो काढता आला असता.

किती दिवस ठेवायचं, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. ऑडिटवाले १८० दिवस म्हणतील. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तो आकडा आहे, पण तो यंत्रणांच्या लॉगसाठी आहे. तुमच्या अवजाराचे स्वतःचे लॉग त्यात येतील, म्हणजे कोण लॉगिन झालं, कुणी क्रेडेन्शियल बदललं. प्रोसेसच्या याद्या येतात का, हे कंप्लायन्सकडून लेखी घे. आपल्या मनाने अर्थ लावू नकोस, दोन्ही बाजूंनी.

माझा स्वतःचा हिशेब वेगळा आहे. २५ जानेवारी २००३, शनिवार. सकाळी अकराच्या सुमाराला स्लॅमर नावाचा वर्म सुटला, ३७६ बाइटचा, यूडीपी १४३४ वर. त्याला थांबवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने आदल्या जुलैतच दिलेला होता. आम्ही आमच्या सगळ्या एसक्यूएल सर्व्हरना तो लावलेलाही होता. म्हणजे आम्हाला माहीत होते तेवढ्यांना! एमएसडीई नावाची त्याची धाकटी आवृत्ती कितीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात गुपचूप बसवलेली होती, आणि ती आमच्या एकाही यादीत नव्हती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतलं भोक उघडकीला आलं तेव्हाही तेच. पॅकेजची यादी बघून "आमच्याकडे नाही" म्हणणारे लोक मी पाहिले, कारण ती लायब्ररी पॅकेज म्हणून बसलेली नसते, एका जारच्या आत दुसऱ्या जारमध्ये असते. ज्यांनी जावा प्रोसेसच्या पूर्ण कमांड लाइन साठवल्या होत्या त्यांना निदान कुठे शोधायला लागायचं ते त्याच रात्री कळलं. म्हणून मी कच्चा माल एका महिन्याहून कमी ठेवत नाही, आणि तिमाहीला एकदा त्याची एक प्रत बाहेर काढून ठेवते.

त्याच कमांड लाइनमध्ये एक विंचूही असतो. लोक प्रोसेस सुरू करताना पासवर्ड कमांडमध्येच लिहितात. पीएस चालवलं की तो दिसतो, स्कॅन तो उचलतं, तो पंचनाम्यात जातो, अनुमानात जातो, तिथून सीएमडीबीत, आणि सीएमडीबी तर अर्धी बँक उघडून बघते. असे पासवर्ड झाकायला तुझ्या अवजारात मास्किंगची सोय आहे. चालू आहे का ते उद्याच बघ. नसेल तर आधी चालू कर, मग मागचं काय करायचं ते मला विचार, आणि ज्या टीमचा पासवर्ड सापडेल त्यांना तो बदलायला लाव. चारचौघांत सांगू नकोस, बाजूला घेऊन सांग. पुन्हा करणार नाहीत.

आता उद्या सकाळी. आधी सगळी स्कॅन थांबव, म्हणजे डिस्क भरायची थांबेल. मग सेवा नीट बंद करून पूर्ण बॅकअप घे. चालू डेटास्टोअरच्या खालून घेतलेल्या स्नॅपशॉटवर मी विश्वास ठेवत नाही. डिस्क वाढवून घे. मग स्कॅन परत सुरू कर आणि डीडीडीची मुदत एकदम खाली आणू नकोस, आठवड्या-आठवड्याने आण, नाहीतर पुसण्याचंच ओझं होऊन रात्रीचं स्कॅन सकाळपर्यंत रेंगाळेल. एक आठवडा रोज आकडा लिहून ठेव: होस्ट किती, भेटी किती, जागा किती. होस्टचा आकडा हलला तर थांब आणि फोन कर. कॉम्पॅक्शन त्या पुढच्या शनिवारी, चेंज टाकून, मंजुरी घेऊन. मी जागी असेन, तसंही मला झोप येत नाही.

तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी मिळाली. मीठ कमी आहे.

तुझी,
मावशी

ता.क. डिस्कव्हरीची क्रेडेन्शियलं ज्या व्हॉल्टमध्ये आहेत त्याला पासफ्रेज लावलेला आहे का, आणि असेल तर तो कुणाकडे आहे, हे बॅकअप घेण्याआधी विचार. तो त्या केटी देऊन गेलेल्या मुलाच्या डोक्यात असेल तर तुझा बॅकअप रिस्टोअर होईल, सगळं दिसेल, आणि एकाही दारातून आत जाता येणार नाही. त्याचा नंबर अजून चालू आहे, मी तुझ्या आईकडून घेतला. आजच फोन कर. रविवार आहे, उचलेल.